अमिताच्या गालावर वांग नव्हतं

१

बंबाच्या राखेत गोळ्यांची अर्धी जळालेली पट्टी सापडली, आणि तेव्हापासून धोट्यांच्या घरात कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना.

सौंसरच्या टोकाला, संत्र्याच्या बागेला लागून हे घर. संध्याकाळी महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठागौरी, यायच्या होत्या. अंगण सारवलेलं, दाराला तोरण, चुलीवर पुरण शिजतंय, आणि अशा सकाळी धाकटी सून अमिता संत्र्याचे क्रेट ठेवायच्या शेडमध्ये पडलेली सापडली. श्वास लागलेला, ओठ निळे पडलेले, डावा पाय मांडीपर्यंत टम्म सुजलेला. तिचा नवरा आणि दीर, दोघे भाऊ, तिला गाडीत घालून नागपूरला पळाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पायात रक्ताची गुठळी झाली, ती सुटून फुप्फुसात गेली. पंचविशीतल्या धडधाकट बाईला हे उगाच होत नाही. काही गोळ्याबिळ्या खात होती का? घरी शोधा.

शोधलं, तर ही पट्टी. तिचा फोटो मोबाइलवर पाहून थोरला भाऊ नितीन दवाखान्यातूनच बोलून गेला, "ह्या तर आमच्या पल्लवीच्या वांगाच्या गोळ्या होत!"

झालं! पल्लवी म्हणजे नितीनची बायको, घरातली थोरली सून. तिच्या दोन्ही गालांवर दुसऱ्या बाळंतपणानंतर वांग उठलं होतं, आणि त्यासाठी ती पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाईकडून पोटात घ्यायच्या गोळ्या आणत होती. अमिताच्या गालावर वांगाचा ठिपकाही नव्हता. मग थोरलीचं औषध धाकटीच्या पोटात गेलं कसं?

अमिताचा भाऊ चेतन लोधीखेड्याहून ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन आला होता. त्याच्यापाशी उत्तर तयार होतं.

"हिनंच देल्ल्या, मॅडम! सकाळच्या चहातून देल्ल्या, अन् पट्टी जाळून टाकली! आता तुमी हिले आत टाकता की आमीच पाहून घेऊ?"

मॅडम म्हणजे उपनिरीक्षक चंचल गजभिये. नाव चंचल, पण एकदा खुर्ची ओढून समोर बसली की माणसाला घाम फुटल्याशिवाय बाई उठत नाही, असं ठाण्यातच म्हणत. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या, त्या दगडफेकीच्या जत्रेच्या, बंदोबस्ताने अजून तिचे खांदे दुखत होते. त्यात ठाण्याचे प्रमुख, टीआय साहेब, यांचा फोन येऊन गेला होता: संध्याकाळपर्यंत पल्लवीवर गुन्हा दाखल करा, नाहीतर हे लोक सणाच्या दिवशी रस्ता अडवतील. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा! दोन लेकरांची आई एकदा आत गेली की कधी बाहेर येईल याचा नेम नाही, हे चंचलला चांगलं ठाऊक होतं.

ती घराच्या उंबऱ्याशी आली, तोच सासू यमुनाबाई आडव्या आल्या. कपाळ रिकामं, पदर घट्ट खोचलेला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बाई, राग नका मानू. तुम्हाले अडचण नाई ना? पाळी गिळी? आत लक्ष्म्यायची तयारी हाय."

चंचलच्या कानशिलापर्यंत राग चढला. हा प्रश्न तिच्या स्वतःच्या आईने तिला कधी विचारला नव्हता. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत नव्हत्या आणि असली विचारपूसही होत नव्हती.

"यमुनाबाई, तुमच्या दारात पोलीस आले आहेत. आणि तुमची सून मरणाच्या दारात आहे."

"ते खरं हाय, बाई. पण मी आल्यागेल्या हरेकीलेच इचारते," यमुनाबाई म्हणाल्या, आणि दारातून हलल्या नाहीत.

चंचलने खुर्ची ओसरीवरच मागवली.

२

पल्लवी समोर येऊन बसली. रडून डोळे सुजलेले, गालांवर ते तपकिरी डाग. बसल्या बसल्या तिने डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला सारली आणि पोटरी चोळू लागली.

"काय झालं पायाला?"

"काई नाई मॅडम. दोन दिवस भाज्या निवडत, अनारसे थापत बसली, मुंग्या आल्या." तिने पाय पदराखाली घेतला.

"अमिताशी तुझं भांडण होतं?"

पल्लवीने मान खाली घातली. मग एकदम बोलायला लागली, कोणी कढ दाबून ठेवावा आणि तो उतू जावा तसं. "होतं. खोटं काऊन बोलू? ह्या घरात मुखवटे आणाचा मान थोरलीचा. आत्याबाई इधवा, त्यायले हळदकुंकू चालत नाई, म्हून सुनेच्या हातूनच लक्ष्म्या येतात. यंदा त्या म्हने, असं काळवंडलेलं तोंड घेऊन लक्ष्म्या आणते का? गाव जेवाले येते. तुह्या जागी अमिता आणंल. म्या दोन महिन्यापासून त्याच्यासाठीच तर गोळ्या खाऊन राहिली होती! डाग फिके पडले होते, खरंच पडले होते. म्या भडकली, म्हटलं, पाहून घेईन एकेकीले. सगळ्यायनं आयकलं."

"गोळ्या ठेवायचीस कुठे?"

"माह्या ट्रंकेत. परवापासून पट्टी दिसत नोहती. म्हटलं, पोट्ट्यायनं कुठं टाकली असंल."

"अमिताला माहीत होतं, या कसल्या गोळ्या आहेत ते?"

"तिले तर सगळंच सांगो मी." पल्लवीचा चेहरा जरा सैल झाला. "माहेरी तिगावले गेली होती, तवा पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाईले दाखवलं. पट्ट्या मंग इथंच घेतो, कुलदीपभाऊच्या मेडिकलातून. पयल्या दिवशी चिठ्ठी पाहून तो मले इचारे, वहिनी, पाळीत लय जाते का? ही गोळी रक्त थांबवाची हाय. म्या म्हटलं, अरे मेल्या, तोंडाचं औषध हाय हे! घरी येऊन अमिताले सांगितलं. आमी दोघी लय हसलो होतो, मॅडम. पोट दुखेपर्यंत." एवढं बोलून तिला पुन्हा रडू फुटलं.

"अमिता आणखी काही औषध खायची?"

"नाई."

"आणि तू?"

"सिरिफ वांगाची गोळी." पण हे म्हणताना तिची नजर क्षणभर देवघराच्या दाराकडे गेली आणि लगेच खाली आली.

बाहेर चेतनच्या माणसांचा आवाज वाढला होता. कुंपणावरून एक दगड येऊन अंगणातल्या रांगोळीवर पडला. चंचलने पल्लवीला तिथून हलवलं आणि महिला शिपायाच्या सोबतीने ठाण्यात नेऊन बसवायला सांगितलं. जाताना पल्लवी चप्पल पायात न घालता हातात घेऊन निघाली. चेतन तिच्या अंगावर ओरडला, "पाहा, कशी चोरावानी चालली!"

३

यमुनाबाई सरळ बोलायला तयार नव्हत्या. हात जोडायच्या, महालक्ष्मीचं नाव घ्यायच्या, आणि विषय सोडून भलतंच सांगायच्या.

"बंबाच्या राखेत पट्टी सापडली," चंचल म्हणाली. "आंघोळीच्या पाण्याचा बंब. पहाटे तो कोणी पेटवला?"

"अमितानं. तीन-चार दिस झाले, तीच सगळ्यायच्या आधी उठे. न्हाऊन मोकळी होय."

"पल्लवी बंबाकडे गेली होती?"

"नाई वं. ती चुलीपाशी होती, पुरणाची डाळ पाहून राहिली होती. बंब तवर इझला होता."

चंचलने हे मनात टाकून ठेवलं. चहात विष घालणारी बाई पट्टी जाळायला निघाली, तर समोरची धगधगती चूल सोडून विझलेल्या बंबाकडे कशाला जाईल?

"चहा कोणी केला?"

"पल्लवीनं. एकाच गंजात उकळला, त्याच्यातूनच सगळ्यायनं पेला. म्याही पेला."

"यंदा मान अमिताला का दिला? खरं सांगा. फक्त वांगामुळे?"

यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "तिनंच मांगितला. गेल्या साली अमिताले ऐन लक्ष्म्या याच्या दिवशीच अडचण आली. घर बाटलं. तिले तिन्ही दिवस शेडमंधी बसवलं. अन् महिनाभरात आमचा अख्खा आंबिया बहार गळला, बाई. झाडाखाली संत्र्यायचा सडा! लोक बोलले, मीबी बोलली. वर्सभर बोलली. मंग यंदा तीच म्हने, आत्याबाई, मान मले द्या, म्या सगळं धुवून काढते."

संत्री कशाने गळतात हे बागवाल्याच्या बाईला चंचलने सांगायची गरज नव्हती. पण त्या वर्षभराच्या बोलण्याने सुनेचं काय झालं असेल, हे विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

ती शेडकडे गेली. सणाची धुणी सगळी बाहेर तारेवर वाळत होती, चादरी, पडदे, लेकरांचे कपडे. शेडमध्ये मात्र क्रेटच्या उंच थप्पीमागे, जिथे ऊन पोहोचत नव्हतं तिथे, एक साडी आणि परकर वाळत घातला होता. हात लावला तर अजून ओलसर. याच ठिकाणी अमिता पडली होती.

"ही साडी कोणाची?"

"अमिताची," दारातूनच यमुनाबाई म्हणाल्या. बाहेर एवढं कडक ऊन पडलेलं असताना साडी अंधारात वाळत घालायचं काय कारण, हे चंचलला त्या घडीला उमगलं नाही. डोक्यात चेतनच्या घोषणा घुमत होत्या.

नागपूरहून फोन आला. अमिता बेशुद्ध आहे, श्वास मशीनवर. डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही.

४

कुलदीपच्या मेडिकलमध्ये सणामुळे गर्दी होती. पोलिसांची वर्दी पाहून तो पांढरा पडला, पण तोंडात साखर.

"मॅडम, पल्लवीवहिनीच्या गोळ्या एकदम कायद्यात देतो मी. डॉक्टरीणबाईची चिठ्ठी हाय, बिल हाय. चिठ्ठीबिगर मी डोकेदुखीची गोळीबी देत नाई."

तेवढ्यात एक लुगड्यातली म्हातारी गर्दीतून हात पुढे करून म्हणाली, "कुलदीपभाऊ, आमच्या तिघींचं दे बाप्पा लवकर. उशीर झाला."

कुलदीपने तिच्याकडे डोळे वटारले. म्हातारीला काही समजलं नाही. "अरे, दरसाली देतं ते! तिघींचं!"

मग त्याने खालच्या खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन छोट्या पुड्या काढून तिच्या हातात कोंबल्या. ना चिठ्ठी, ना बिल. म्हातारी पुड्या पदरात बांधून निघून गेली.

"काय होतं ते?"

"सणाचं काईबाई, मॅडम. बायायचं. चहा सांगू काय?"

चंचलला पांढुर्ण्याला पोहोचायची घाई होती. ती गाडीत बसली. शिपाई विनोदने गाडी रस्त्याला लावली, आणि पुढे कितीतरी वेळ ती त्या पुड्या विसरूनही गेली.

५

पांढुर्ण्याला डॉक्टर सायलीच्या दवाखान्याची काच फुटलेली होती. चेतनची माणसं इथेही येऊन गेली होती. डॉक्टरीणबाई तिशीतली, एकटीच आत बसलेली, हाताला काच लागून पट्टी बांधलेली. पण बोलताना आवाज हलला नाही.

"मी पल्लवीला गोळी दिली, हे खरं आहे. मूळ गोळी रक्तस्राव थांबवायची आहे. झालेली गुठळी ती लवकर विरघळू देत नाही. कमी प्रमाणात दिली तर जुनं, हट्टी वांग फिकं पडतं, म्हणून आम्ही जपून देतो. प्रत्येकीला देता येत नाही. आधी सगळं विचारावं लागतं."

"काय विचारलंत?"

"घरात कोणाला गुठळीचा आजार? पायाला कधी सूज? पाळणा लांबवायच्या गोळ्या घेता? ती म्हणाली, दुसऱ्या बाळानंतर ऑपरेशन झालं, गोळ्यांची गरज नाही. मी बजावलं होतं, नवीन कोणतंही औषध सुरू केलं तर आधी मला फोन करायचा."

"फोन आला होता?"

"नाही."

"चहातून ही गोळी दिली तर?"

सायली कडवट हसली. "ती कडू असते हो. एवढी पट्टी चहात घातली तर पहिल्याच घोटाला थुंकून टाकेल माणूस."

म्हणजे अमिताने त्या गोळ्या स्वतःहून, जाणूनबुजून गिळल्या होत्या. पण कशासाठी? गालावर डाग नसलेल्या मुलीला वांगाच्या गोळ्या हव्यात कशाला?

"डॉक्टर, एवढ्याने अमिताची ही गत होईल?"

"तेच मला सकाळपासून कळत नाहीये." सायलीने फुटलेल्या काचेकडे पाहिलं. "जास्त खाल्ल्या तर धोका वाढतो, पण इतक्या तरुण मुलीला, इतक्या झपाट्याने? सोबत आणखी काहीतरी असलं पाहिजे. तुम्ही ते शोधा. ती मुलगी गेली तर मी पुन्हा या खुर्चीत बसू शकणार नाही."

६

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. टीआय साहेबांचा पुन्हा फोन आला: कागद तयार आहेत, पल्लवीला जिल्ह्याला हलवतो, तुमच्या सहीसाठी थांबलोय. चंचल डोळे मिटून बसली. विनोदला वाटलं, मॅडमला झोप लागली. तो गप्पपणे गाडी हाकत राहिला.

मोहगाव यायच्या आत ती ताडकन सरळ बसली.

"विनोद, तुमच्या घरी महालक्ष्म्या बसतात?"

"नाई मॅडम. आमी तुमच्यासारखेच, बुद्धाचे."

"म्हणूनच माझ्या डोक्यात आलं नाही! अरे, यमुनाबाईने मला दारात काय विचारलं? अडचण आहे का म्हणून. मी पोलीस, पाहुणी. मला एकदा विचारलं तर माझं डोकं भडकलं. त्या सुनांना वर्षभर, रोज विचारत असेल. आणि हातात मुखवटे घ्यायच्या दिवशी अडचण येऊ नये म्हणून बाया काय करतात?"

विनोद लाजला. तीन बहिणींचा भाऊ होता तो. "गोळी खातात मॅडम. पाळी लांबवाची. माह्या बहिणीच्या सासरी—"

पुढचं तिने ऐकलंच नाही. तिघींचं दे. म्हातारीने औषधाचं नाव सांगितलं नव्हतं, फक्त बाया किती ते सांगितलं होतं. चंचलने सायलीचा नंबर लावला.

"डॉक्टर, पाळी पुढे ढकलायची गोळी चालू आहे. तरी मध्येच थोडं अंगावर दिसू लागलं. घाबरून त्या बाईने तुमची रक्त थांबवायची गोळी मूठमूठ खाल्ली. मग?"

सायलीचा आवाज आता हलत होता. "दोन्ही एकत्र? मग हे असंच होतं. अगदी असंच! अरे देवा. मी पाळणा लांबवायच्या गोळीचं विचारलं होतं. पाळी लांबवायच्या गोळीचं विचारलंच नाही... इन्स्पेक्टर, एक मिनिट. ती गोळी त्या घरातली एकच सून खात होती का?"

चंचलला एकेक गोष्ट आठवली. काढून ठेवलेली चप्पल. चोळलेली पोटरी. देवघराकडे गेलेली नजर. दोन महिन्यांपासून रोज वांगाची गोळी खाणारी बाई.

"पल्लवी," ती म्हणाली.

"पाय सुजलाय तिचा? एका बाजूचा? तिला चालवू नका, चोळू नका, ताबडतोब नागपूर! मी तिथल्या डॉक्टरांना फोन करते. गुठळी वर सरकली तर वेळ मिळणार नाही."

"विनोद, गाडी पळव," चंचल ओरडली.

७

ठाण्याच्या फाटकात ट्रॅक्टर आडवा लावलेला होता. आत बाकावर पल्लवी बसली होती, डावा पाय लांब केलेला, पोटरी उजव्या पायाच्या दीडपट. कपाळावर घाम. चंचलने आणि महिला शिपायाने तिला उचलून गाडीत झोपवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मले तुरुंगात नेऊन राहिल्या का? पोट्टे कुठं हाय माहे?"

गाडी फाटकाशी आली, आणि चेतन ट्रॅक्टरसमोर छाती काढून उभा राहिला.

"पळवून नेऊन राहिले हिले! आमी काय बांगड्या भरल्या काय? एक इंच सरकणार नाई!"

त्याची माणसं गाडीला भिडली. कोणीतरी बॉनेटवर काठी आपटली. चंचल खाली उतरली. एरवी तिने आवाज चढवून गर्दी फोडली असती. आज तिने खिशातून फोन काढला, यमुनाबाईंना लावला आणि स्पीकर चालू केला.

"यमुनाबाई, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कोणी आणल्या?"

पलीकडून आधी आरतीची घंटा ऐकू आली. मग दबका आवाज: "हे काऊन इचारून राहिल्या, बाई?"

"अमिता का पडली ते मला कळलंय. आता पल्लवीही जाईल. खरं बोला. कोणी आणल्या?"

"...म्या आणल्या. कुलदीपच्या इथून. दरसालीच आणतो."

"मी सकाळी तिला विचारलं होतं, आणखी काही औषध खातेस का. ती नाही म्हणाली."

"ते औषध कुठं हाय, बाई!" यमुनाबाईंचा आवाज कळवळला. "ते तर देवासाठी खातात. देवाची गोळी म्हनतो आमी. दुखण्याची थोडीच हाय?"

"किती जणींच्या आणल्या?"

"दोघींच्या. पल्लवीले मान नोहता, पण ती पुरणाले हात लावणार होती ना. रोज पहाटे, न्हाऊन आल्यावर, देवघरात माह्या हातानं दोघीयले देत होती."

चंचल चेतनच्या अगदी जवळ गेली.

"ऐक आता. तुझ्या बहिणीला गेल्या वर्षी पाळी आली म्हणून शेडमध्ये बसवलं, आणि वर्षभर संत्री गळाल्याचं पाप तिच्या माथी मारलं. यंदा तिने सासूची गोळी खाल्ली. तरी तीन-चार दिवसांपासून थोडं थोडं दिसायला लागलं. ती सगळ्यांच्या आधी उठून न्हायची ते त्यासाठी. साडी धुवून शेडमध्ये अंधारात वाळत घालायची ते त्यासाठी. कोणाला सांगणार? मान जाईल, पुन्हा शेड. मग तिला आठवलं, पल्लवीचं औषध रक्त थांबवतं. दोघी हसल्या होत्या त्यावरून. तिने पट्टी चोरली, मूठमूठ गोळ्या खाल्ल्या, आणि रिकामी पट्टी स्वतः पेटवलेल्या बंबात टाकली. पल्लवीने तिला काहीही दिलं नाही. उलट त्याच दोन गोळ्या पल्लवीच्याही पोटात आहेत. तिचा पाय बघ. बघ म्हणते ना!"

चेतनने खिडकीतून आत पाहिलं. असाच सुजलेला पाय त्याने सकाळी, नागपूरला जाणाऱ्या गाडीत, आपल्या बहिणीचाही पाहिला होता. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं.

"माह्या बहिणीनं," तो पुटपुटला, "मले तरी सांगाचं होतं."

"तुला? पाळीचं?" चंचल म्हणाली. "सरक बाजूला."

तो सरकला, आणि नुसता सरकला नाही. ट्रॅक्टर त्याने स्वतः बाजूला घेतला, कोणाची तरी मोटारसायकल ओढून घेतली आणि नागपूरच्या वाटेवर पोलीस गाडीच्या पुढे हॉर्न वाजवत, रस्ता मोकळा करत सुटला. मागच्या सीटवर पल्लवीने चंचलचा हात धरला होता. "मॅडम, डाग जात होते खरंच," ती म्हणत होती. "आरशात दिसत होतं मले."

"जातील. आधी तू परत ये," चंचल म्हणाली, आणि तिने तिचा हात नागपूरपर्यंत सोडला नाही.

८

पल्लवीची गुठळी पोटरीतच होती, वर सरकायच्या आधी औषध लागलं. अमिताने दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. बोलता आलं तेव्हा तिने पहिलं वाक्य जावेसाठी बोललं: "ताईले सांगा, पट्टी म्या घेतली." कुलदीपच्या दुकानाला टाळं लागलं आणि त्याच्या खालच्या खणातल्या पुड्या ठाण्यात आल्या. डॉक्टर सायलीने नवीन काच बसवली, आणि खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक बाईला विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवला. तिने तो नीट, मराठीत, बायांच्या शब्दांत विचारायचं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी, महालक्ष्म्या उठवायच्या संध्याकाळी, पल्लवीला घरी सोडलं. पायाला घट्ट मोजा, हातात रक्त पातळ करायच्या औषधांची पिशवी. चंचल आपल्याच गाडीतून तिला घेऊन आली. खरं तर तिचं तिथे काही काम उरलं नव्हतं.

घर चुप होतं. दोन दिवस शेजारच्या सवाशिणींनी येऊन कसंबसं निभावून नेलं होतं. मुखवटे उभे होते, पुढे सोळा भाज्यांचा नैवेद्य सुकत चाललेला. आज उठवणीचं हळदकुंकू घरच्या सुनेच्या हातचं हवं. धाकटी दवाखान्यात. यमुनाबाईंना स्वतःला ते चालत नव्हतं. त्या दारात वाट पाहत उभ्या होत्या, दोन दिवसांत दहा वर्षांनी थकलेल्या.

पल्लवी उंबऱ्याशी थांबली. पुढे पाय टाकेना. तिने एकदा चंचलकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाई, मले नाई जमणार. ती गोळी बंद केली ना. कालपासून पाळी आली मले. म्या शेडमंधी बसतो."

यमुनाबाईंच्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं, ते खळकन वाजलं. चंचलच्या जिभेवर कितीतरी शब्द आले. तिने ते गिळले. हा निकाल तिच्या ठाण्यात लागणारा नव्हता.

यमुनाबाईंनी त्या डाग असलेल्या, उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग लेकराला ओढावं तसा पल्लवीचा दंड धरून तिला आत ओढलं.

"शेडमंधी आता संत्रेच राहतीन," त्या म्हणाल्या. "चाल. लक्ष्म्या कवाच्या उभ्या हाय. तूच उठव त्यायले."

पल्लवी रडत रडत आत गेली. तिने दोन्ही मुखवट्यांच्या कपाळी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि एकेक मुखवटा जागचा हलवला. यमुनाबाई मागे उभ्या राहून तोंडात पदर कोंबून रडत होत्या. चंचल उंबऱ्याबाहेर बूट घालून उभी होती. यमुनाबाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"बाई, तुमी बाहेर काऊन? या ना आत. प्रसाद घ्या."

चंचल वाट पाहत राहिली, आता पुढचा प्रश्न येईल म्हणून. तो आला नाही. मग तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि ती आत गेली.